दोन किलो साखर, तीन साबण, ३१८५ रुपये

जुलैतल्या एका सोमवारी सातवीतल्या एका पोराने दप्तरातून दुकानातला कॅल्क्युलेटर काढून माझ्या टेबलावर ठेवला. मोठ्या बटणांचा, पिवळट पडलेला, 'बरोबर'च्या बटणावरचं चिन्ह पार पुसून गेलेला. वडिलांचं किराणा दुकान आहे. शनिवारी मी फळ्यावर २ + ३ × ४ = १४ असं सोडवून दाखवलं होतं. पोराने घरी जाऊन ते ताडून पाहिलं होतं.

"सर, आमच्या दुकानात वीस येतंय."

मी म्हटलं, दाबताना चुकलं असेल. त्याने काही न बोलता माझ्यासमोर दाबून दाखवलं. वीस. मागच्या बाकावर खुसखुस सुरू झाली. मग मीच जरा शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, समजा दोन किलो साखर आहे ४४ रुपयांनी आणि तीन साबण आहेत ३५ रुपयांनी. बिल किती? दाब बघू सरळ: २ × ४४ + ३ × ३५. त्याने दाबलं आणि आकडा वाचला, "तीन हजार एकशे पंच्याऐंशी." वर्ग फुटला.

"मग तुझे बाबा गिऱ्हाइकाला काय सांगतात?"

त्याची बोटं बटणांकडे न बघताच चालली. २ × ४४, 'एम प्लस' (आलेलं उत्तर यंत्राच्या आठवणीत जमा करणारं बटण). ३ × ३५, 'एम प्लस'. मग 'एमआरसी', म्हणजे जमा झालेलं दाखव. १९३. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, गल्ल्याशेजारी बसून आलं होतं. आणि मी गेली कित्येक वर्षं पदावली, म्हणजे अशी एकाहून जास्त चिन्हांची गणितं, शिकवत असूनही त्या 'एम प्लस'कडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

आमची शाळा माण तालुक्यातली, आठवीपर्यंतची. संगणक कक्ष आहे, म्हणजे दारावर तशी पाटी आहे. आत दहा यंत्रं, त्यातली सहा चालतात. चारांवर जुनं विंडोज सेव्हन आणि दोनांवर एका माजी विद्यार्थ्याने सुट्टीत येऊन घालून दिलेलं उबुंटू. लाइट गेली की इन्व्हर्टर पाऊण तास ओढतो. माझं म्हणाल तर डीएड झाल्यावर वेतनवाढ अडकू नये म्हणून एमएस-सीआयटी केलेली, त्यातलं पत्र टाइप करणं तेवढं लक्षात राहिलेलं. लॉकडाउनमध्ये घरी बसून मोबाइलवर थोडं पायथन, म्हणजे संगणकाला कामं सांगायची एक भाषा, शिकलो. एवढ्या भांडवलावर ठरवलं की या वर्षी पदावली संगणक कक्षात शिकवायची.

आमच्याकडे मुलं सातवीत येतात ती 'कंचेभागुबेव' घेऊनच. पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या जादा तासांना ते पाठ करून घेतलेलं असतं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणतील. गंमत म्हणजे पाठ असूनही गणित चुकतं, आणि चुकलेल्याला "नियम सांग" म्हटलं तर नियम अगदी बरोबर सांगतो. मी हे वर्षानुवर्षं आळशीपणाच्या खात्यात टाकत आलो होतो.

पहिल्या दिवशी फक्त विंडोजमधला कॅल्क्युलेटर उघडला. एका यंत्रापुढे पाच-पाच मुलं, त्यामुळे माऊस कोणाच्या हातात यावरून पहिली दहा मिनिटं गेली. २ + ३ × ४ दाबलं, वीस आलं. मग वरच्या यादीतून 'सायंटिफिक' निवडायला सांगितलं आणि तेच परत दाबायला लावलं. चौदा. तेच यंत्र, तोच कॅल्क्युलेटर, फक्त तोंडवळा बदललेला. दुकानदाराचं पोर माझ्याकडे बघून हसलं. एक मुलगी म्हणाली, "सर, मग खरं कोण?"

मी तेव्हा "सायंटिफिक खरं" असं उत्तर देऊन मोकळा झालो, आणि ते वाईट उत्तर होतं. घरी जाताना लक्षात आलं की साधा कॅल्क्युलेटर चुकत नाही, तो त्याला जमतं तेवढं करतो. त्याच्याकडे एकच आकडा असतो, आतापर्यंत जमलेला. पुढचं चिन्ह दाबलं की तो आधीचं उरकून टाकतो. त्याला '×' दिसेपर्यंत २ आणि ३ चे ५ होऊन गेलेले असतात. सायंटिफिक मात्र बेरीज लगेच करत नाही, पुढे काय येतंय ते बघून थांबतो.

दुसऱ्या दिवशी दोन मुलांना पुढे उभं केलं. एक झाला घाईचा कारकून, दुसरा थांबणारा. वर्ग एकेक आकडा आणि चिन्ह ओरडून सांगणार. घाईच्या कारकुनाकडे एकच पाटी, येईल ते लगेच करून पुसायचं. दुसऱ्याकडे पाटी आणि शिवाय कागदाच्या चिठ्ठ्या. "दोन! अधिक! तीन!" इथवर थांबणाऱ्याने 'दोन अधिक' एका चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेवलं होतं. "गुणिले!" ऐकल्यावर त्याने ती चिठ्ठी तशीच राहू दिली, तीन चोक बारा पाटीवर केलं आणि मग चिठ्ठी उचलली. घाईचा कारकून केव्हाच वीस लिहून मोकळा होऊन त्याची टर उडवत होता. संगणकाला त्या दिवशी कोणी हातही लावला नाही, लाइट नव्हती. पण माझ्या मते त्या पंधरवड्यातला सगळ्यात चांगला संगणकाचा तास तोच.

पुढे लिब्रेऑफिसची कॅल्क शीट, म्हणजे चौकटींत आकडे आणि सूत्रं भरायचा तक्ता, घेतली. इथे पहिली अडचण अशी की कीबोर्डवर × नाही आणि ÷ पण नाही. निम्म्यांनी इंग्रजी एक्स टाइप केलं आणि शीटने त्यांना हाकलून दिलं. गुणाकाराला तारा, भागाकाराला तिरकी रेघ, आणि सगळ्याआधी 'बरोबर'चं चिन्ह. "सर, उत्तराच्या आधीच बरोबर?" हा प्रश्न रास्त होता. आम्ही आयुष्यभर '=' म्हणजे 'आता उत्तर लिही' असंच शिकवलेलं.

मग अपूर्णांक. वहीत वर १२ + ८, मध्ये आडवी रेघ, खाली २ + ३. वहीत हे कोणीच चुकवत नाही: वीस भागिले पाच, चार. तेच शीटमध्ये टाइप करा म्हटल्यावर जवळपास सगळ्यांनी =१२+८/२+३ टाइप केलं आणि १९ आलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा १९. एका गटाने यंत्र बंद करून चालू केलं. मी मुद्दाम काही बोललो नाही. चांगली सात-आठ मिनिटं गेल्यावर खिडकीकडची मुलगी हळूच म्हणाली, "त्या रेघेतच कंस आहे ना सर?" तिने वरच्या आणि खालच्या दोन्हीला कंस घातला, चार आलं. वहीतल्या कागदाला उंची असते, टाइप करताना सगळं एका ओळीत झोपतं. उभ्याचं आडवं करताना रेघेतला लपलेला कंस सांडतो. फळ्यावर मी हे दहा वेळा सांगितलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती आणि विसरली असती.

त्याच शीटवर मला माझा धक्का बसला. सहज म्हणून २० − ८ + ५ घातलं. शीट म्हणाली १७. वर्गातून जोरात "सात!" आलं. एक-दोन नव्हे, निम्मा वर्ग. मी म्हटलं कसं काय? तर सगळे एका सुरात: कंचेभागुबेव. बे आधी, व नंतर. आधी ८ + ५ तेरा, मग वीसमधून तेरा गेले सात.

आणि नियम तर तसाच म्हणतोय की! मी स्वतः कधी असं सोडवलं नाही, कारण मला 'बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून उजवीकडे' हे ठाऊक होतं. ते मी सांगायचोही, शेवटी, एका वाक्यात, घंटा होता होता. मुलांच्या कानात मात्र सहा अक्षरांचा क्रम पक्का बसलेला. किती वर्षांच्या वह्यांवर मी लाल शाईने फुली मारली असेल आणि 'नियम पाठ कर' असा शेरा लिहिला असेल, हे आठवायचं नाही असं ठरवलं आहे. ज्यांना नियम पाठ होता तेच तर चुकत होते.

त्या रात्री झोप येईना म्हणून पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: आपोआप पदावली तयार करायच्या, एकदा अक्षरशः कंचेभागुबेवच्या क्रमाने सोडवायच्या, एकदा योग्य रीतीने, आणि उत्तरं जुळत नाहीत तिथे ओळ छापायची. नुसत्या बेरीज-वजाबाकीच्या पदावल्या दिल्या तर पडदा भरून वाहायला लागला. नुसत्या गुणाकार-भागाकाराच्या दिल्या तर एकही ओळ नाही. बराच वेळ मला वाटत होतं की प्रोग्रॅमच बिघडलाय. मग कागद घेऊन बसलो. भागाकार सगळे आधी केले आणि गुणाकार नंतर, तरी उत्तर बदलत नाही, कारण भागाकार हा फक्त त्याच्या डाव्या आकड्याला कापतो, बाकीचं गुणायचं तसंच राहतं. फार तर मध्ये अपूर्णांक येतो. त्याच न्यायाने वजाबाक्या सगळ्या आधी आणि बेरजा नंतर केल्या तरी चालतं. गोची फक्त बेरीज आधी केल्यावर होते, कारण वजा होणाऱ्या आकड्याला पुढचा आकडा चिकटतो आणि दोघे मिळून वजा होतात. म्हणजे सूत्रातली शेवटची दोन अक्षरं उलटी असती, 'कंचेभागुवबे', तर अक्षरशः पाळणारं पोरही कधी चुकलं नसतं. सकाळी स्टाफरूममध्ये हे सांगितलं. मराठीच्या बाई म्हणाल्या, "पण म्हणून बघा, जीभ वळत नाही." खरंच वळत नाही.

शाळेला मागे एक तयार सॉफ्टवेअर मिळालं होतं, चित्रं, संगीत, टाळ्या वगैरे असलेलं. त्यात पदावलीचा सराव आहे. उत्तर चुकलं की रडका चेहरा येतो आणि पुढचं गणित. कुठल्या पायरीवर चुकलं ते नाही. आमच्या पोरांनी चार पर्याय क्रमाने दाबून टाळ्या मिळवायची युक्ती पहिल्याच तासाला शोधली. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

पायथन मुलांना दाखवायचं की नाही याबद्दल मी साशंक होतो, पण उबुंटूवाल्या दोन यंत्रांवर ते आयतंच होतं. १२/४ टाइप केल्यावर ३.० आलं आणि "पॉइंट शून्य कशाला?" यावर वाद झाला. पुस्तकात तीन तऱ्हेचे कंस असतात, गोल, महिरपी आणि चौकटी. पोरांनी साहजिकच चौकटी कंस वापरून [२+३]*२ टाइप केलं. उत्तर आलं [५, ५]. "सर, दोन उत्तरं दिली यानं!" चौकटी कंस म्हणजे त्याच्या लेखी यादी, आणि यादीची दुप्पट म्हणजे तीच यादी दोनदा. मग ठरलं, यंत्राशी बोलताना कंस फक्त गोल, कितीही आत गेलात तरी गोलच. त्यामुळे उघडलेले कंस मोजून बंद करायची सवय लागली, जी वहीत लावता लावता माझे केस पांढरे झालेत.

देवनागरी आकड्यांचंही एक प्रकरण झालं. एकाने इंग्रजीऐवजी मराठी कीबोर्ड लावून थेट १२ + १ टाइप केलं, पायथनने चूक दाखवली. पण तेच १२ अवतरणात घालून 'याचा पूर्णांक कर' म्हणून दिलं की तो निमूटपणे बारा समजतो. हे मी गणिताशी संबंध नसताना वीस मिनिटं दाखवत बसलो. कबूल.

पण खरा अडला तो 'चे'. कंचेभागुबेवमधला 'चे' कीबोर्डवर कुठेच नाही! पुस्तकी गणित घेतलं: १२ ÷ १/२ चे ८. आपल्या रीतीने आधी १/२ चे ८, म्हणजे ४, आणि १२ ÷ ४ = ३. एका गटाने 'चे'च्या जागी तारा घालून १२/१/२*८ केलं, ४८ आलं. दुसऱ्या गटाला वाटलं अर्ध्याला कंस हवा, १२/(१/२)*८, आलं १९२. दोन गट, दोन उत्तरं, आणि प्रत्येकाला वाटतंय आपण जसंच्या तसं उतरवलंय. शेवटी १२/(१/२*८) लिहिल्यावर तीन आलं. 'चे' म्हणजे गुणाकारच, पण त्याच्याभोवती न लिहिलेला कंस असतो. 'आठचे अर्धे' हा बोलण्यातला एक सबंध गठ्ठा आहे, तो फोडून मधलं अर्धं बाराला देता येत नाही. मुलांना हे मराठीतून लगेच कळलं. "अर्धा किलोचे पैसे" म्हणताना कोणी 'अर्धा' वेगळा काढत नाही, असं दुकानदाराच्या पोरानेच सांगितलं.

२०१९ साली ८ ÷ २(२ + २) हे गणित जगभर फिरलं होतं. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस १६ विरुद्ध १ अशी लढाई झाली आणि एक ज्येष्ठ सर गट सोडून गेले. मी आता ते पायथनला दिलं. त्याने सोळाही म्हटलं नाही आणि एकही. २ च्या पाठीला थेट कंस चिकटलेला पाहून त्याला वाटलं, २ नावाचं काहीतरी काम करायला सांगताय, आणि आकड्याला कामाला लावता येत नाही म्हणून त्याने चूक दाखवून थांबणं पसंत केलं. तुला काय म्हणायचंय ते नीट लिही, मग सांगतो. त्या गटावर हे कोणी म्हटलं असतं तर सर राहिले असते.

शेवटचे दोन तास मी खेळाला दिले. पदावली एकच: ८ − २ × ३ + १. कंस तुम्ही घाला, वेगवेगळी उत्तरं काढा, जास्त उत्तरं काढेल तो गट जिंकला. बिनकंसाचं ३. मग (८ − २) × ३ + १, १९. थोड्या वेळाने ८ − २ × (३ + १), शून्य. शून्य आल्यावर त्या गटाने बाक वाजवला. (८ − २) × (३ + १) चं २४ कोणीतरी चोरून दुसऱ्या गटाचं बघितलं. ८ − (२ × ३ + १) चं १ सगळ्यात शेवटी सापडलं, दुसऱ्या तासाला. आता सहावं शोधा, म्हणून पोरं घंटा झाली तरी उठेनात. कंसात कंस, त्यात कंस, पण उत्तरं फिरून तीच. सहावं नाहीच. चार आकडे आणि मधली तीन चिन्हं असली की काम उरकायच्या रीती पाचच होतात, आणि या पदावलीत पाचही रीतींची उत्तरं वेगळी येतात म्हणून तर मी ती निवडली होती. पाच आकडे घेतले तर रीती चौदा. हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, "मग उद्या चौदावालं द्या." दिलं. त्यातल्या काही रीतींची उत्तरं एकसारखी निघाली आणि मोजणीचा घोळ झाला. चौदा वेगळी उत्तरं देणारी पदावली मला आधी शोधून ठेवायला हवी होती.

एक गोष्ट अजून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आहे, पुसू नये अशी सूचना करून. घातांक आल्यावर एका मुलीने −२^२ शीटमध्ये टाकलं, ४ आलं. शेजारच्या यंत्रावर पायथनमध्ये तेच −२**२ असं टाकलं (तिथे घाताला दोन तारे), तर −४. यावेळी दोघेही 'शहाणे' कॅल्क्युलेटर. बीजगणिताची रीत −४ ची: आधी वर्ग, मग ऋण चिन्ह. शीट मात्र ऋण चिन्हाला आकड्याचाच भाग धरते आणि मग वर्ग करते. कोणी चुकून नाही, ठरवून तसं केलेलं आहे, दुसऱ्या कंपन्यांच्या शीटही तसंच करतात. ती मुलगी मला पहिल्या दिवशी "खरं कोण" विचारणारीच होती. यावेळी तिने विचारलं नाही. तिने दोन्ही यंत्रांवर एकेक कंस घातला आणि दोन्हीकडून −४ काढून दाखवलं.

घटक चाचणीत मी दोन गुणांचा एक प्रश्न घातला: '२ × ४४ + ३ × ३५ याचं बरोबर उत्तर दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर कसं काढाल?' अपेक्षित उत्तर 'एम प्लस'चं होतं, आणि बऱ्याच जणांनी ते लिहिलं. दुकानदाराच्या पोराने मात्र लिहिलं होतं: 'आधी २ × ४४ करायचे. ८८ येतात. ते बिडीच्या पाकिटाच्या मागे लिहायचे. मग ३ × ३५ करायचे. मग त्यात पाकिटावरचे मिळवायचे. बाबा मशीन बंद पडल्यावर असंच करतात.'

दोनपैकी दोन दिले. पाकिटाभोवती त्याने पेन्सिलीने एक गोल कंस काढला होता.